पोआसाच्या पोटाचे सोळा दिवस

वाईलोतो, सावाइई बेट
१२ मे २०११

तिलेसा,

पोआसाला काल इस्पितळात ठेवलं. घाबरण्यासारखं काही नाही. तीन दिवस ताप होता, उतरेना, म्हणून नेलं. डॉक्टर म्हणाले टायफॉइड असेल, सध्या आमच्या बाजूला दोन-तीन घरांत आहे. सलाईन लावलंय. जेवण नको म्हणतो, पण पाणी पितो.

तुला कळवायचा माझा विचार नव्हता. पण कागदावर आईचं नाव विचारलं, मी माझं सांगितलं, तर कारकून म्हणतो, "बाई, जन्मदाखल्यावर दुसरंच नाव दिसतंय." मी काही बोलायच्या आत पोआसाच तापात बोलला, "ती ऑकलंडची आई. तिचं लिहा, हिचंही लिहा." त्यावर कारकून हसला आणि म्हणाला, दोन आया लिहायला रकाना नाही. म्हणजे सरकारदरबारी तुझं नाव लागलं. आता न कळवून चालणार नाही.

फोन केला की माझा आवाज ऐकून तू ठेवून देतेस, म्हणून पत्र. पाद्रीबुवांची मेहुणी शनिवारच्या विमानानं तिकडे येतेय, तिच्या पर्समध्ये घालून देते. ती फोडून वाचणार याची मला खात्री आहे, म्हणून यात खास काही लिहीत नाही.

तू यायची गरज नाही. चार महिन्यांचा होता तेव्हा माझ्या हातात देऊन गेलीस, त्यानंतर त्याचे गोवर, खरूज, मोडलेला दात, सगळं मीच काढलंय. हेही काढीन. अकरा वर्षांपूर्वी तू न्यायला आलीस तेव्हा सात वर्षांचा तो माझ्या कमरेला मिठी मारून बसला, त्याला काही मी बांधून ठेवलं नव्हतं. दिलेलं मूल परत मागायचं नसतं, हे मी बोटीच्या धक्क्यावर चारचौघांत बोलले. ते घरात बोलायला हवं होतं, एवढं मान्य.

तुझा दाजी विलिआमु बरा आहे. गुडघे कुरकुरतात, तोंड नाही थकत त्याचं.

सेउला

वाईलोतो
२१ मे २०११

तिलेसा,

तू पाद्रीबुवांच्या घरी फोन केलास ते कळलं. कळलं म्हणजे काय, अख्ख्या गावाला कळलं. त्यांच्या बायकोनं मला बोलावून घेण्याऐवजी ओसरीवरूनच हाळी दिली, "अगं सेउला! तिलेसा तीन गोष्टी विचारतेय! दुखतं कुठे, किती दिवस दुखतंय, आणि तू त्याचं पोट चोळलंस का!" मी तेव्हा समोरच्या दुकानात टिनची मासळी घेत होते. दुकानात आणखी सहाजणी होत्या. सगळ्यांनी मान वळवली, अगदी दुकानदाराच्या म्हातारीनंसुद्धा, जिला एरवी ऐकू येत नाही.

तर उत्तरं घे. दुखतं पोटात. किती दिवस ते मागच्या पत्रात लिहिलंय. आणि पाठ एक-दोनदा चोळली, ती कोण चोळत नाही? तुला इस्पितळाची फरशी पुसून पुसून डॉक्टरकी यायला लागलीय असं दिसतंय. आपल्या आजीनंतर या गावात पोटातली टोआला चोळून जागेवर बसवणारी मी एकटी आहे. बेंबीखालची ती ठकठक ओझं उचलून वर सरकली की भल्याभल्यांना माझ्या चटईवर यावं लागतं. तुझी तर परीक्षा आली की छातीपर्यंत चढायची. तेव्हा गपचूप पडून राहायचीस आणि म्हणायचीस, ताई, तुझ्या हाताला गुण आहे.

त्याच फरशीवर तू घसरलीस, मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली आणि जुलैपर्यंत विमानात बसायचं नाही, हेही पाद्रीणबाईंनी सांगितलं. ऐकून वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

पोआसाचं म्हणशील तर तापाचं औषध बदललंय. रोज दुपारी दोनच्या सुमाराला त्याला हुडहुडी भरते. खाट भिंतीवर आपटेल इतका थरथरतो, मग घामानं भिजतो, मग झोपतो. डोळे जरा पिवळे वाटतात. डॉक्टर नवा आहे, फालानिको नावाचा, आपिआचा, तिशीचा असेल. दोनदा विचारून गेला, दुखणं नेमकं कधी सुरू झालं, गावात कुणी फोफो केलं का, म्हणजे पोट चोळलं का. मी सांगितलं, नाही. तसं तर या वॉर्डात कुणीच हो म्हणत नाही. सगळ्यांच्या अंगाला खोबरेलाचा वास येतो, उशांखाली नोनूची पानं असतात, आणि डॉक्टर आला की सगळ्या बायका मूग गिळून बसतात. हो म्हटलं की शेजारच्या खाटेवरच्या बाईसमोर बोलणी खावी लागतात. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी तर म्हणाली, "नाही हो डॉक्टर, हात कशाला लावतील मला, मी तर देवाच्या भरवशावर आहे." सकाळीच तिची सून तिच्या पोटावर कापड बांधत होती, ते मी पाहिलं होतं.

काळजीचं कारण वाटलं तर कळवीन.

सेउला

आपिआ, इस्पितळ
२६ मे २०११

तिलेसा,

पहिल्या पत्रात तीन दिवस लिहिले होते. तीन नव्हे, सोळा.

क्रमानं लिहिते, नाहीतर माझीच गल्लत होईल. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी पोआसा आणि विलिआमु वरच्या मळ्यातून अळूचे कंद आणत होते. पोआसानं कावडीला दोन्हीकडे जास्तीचे कंद लावले, बापाला दाखवायला. संध्याकाळी बेंबीभोवती दुखायला लागलं, एकदा उलटी झाली. मी हात लावून पाहिला, टोआला वर सरकलेली होती. कुणीही तेच म्हटलं असतं. खोबरेल कोमट केलं, चोळलं, कापड बांधलं. दुसऱ्या दिवशी दुखणं उजवीकडे खाली उतरलं. मी सकाळ-संध्याकाळ चोळत राहिले. पाचव्या दिवशी दुखणं एकदम थांबलं. तो उठून बसला, कोको मागितला. मी विलिआमुला म्हटलं, "बघ, बसली की नाही?" विलिआमु म्हणाला, "तुझ्या हाताला सरकारनं पगार द्यायला हवा." सातव्या दिवशी ताप आला. आणि सोळाव्या दिवशी त्याला इस्पितळात नेलं.

परवा मंगळवारी डॉक्टर फालानिको खाटेपाशी खुर्ची ओढून बसला. मला नाही, पोआसालाच विचारायला लागला. म्हणाला, "हे बघ मित्रा, टायफॉइडचं औषध चालत नाहीये. रक्तात टायफॉइड सापडतही नाहीये. मला काहीतरी कळत नाहीये आणि ते तुम्हाला माहीत आहे. तुझं पोट कुणी चोळलं होतं का?"

पोआसाला तेव्हा हुडहुडी भरायला लागली होती. दात वाजत होते. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "नाही. आईनं हातसुद्धा लावला नाही."

मी त्याला कधी खोटं बोलायला शिकवलं नाही. माझं ऐकून ऐकूनच शिकला असेल. माझ्यासाठी तो दात आवळून खोटं बोलत होता आणि त्या खोट्यानं त्याचाच जीव जाणार होता, हे मला त्या मिनिटाला इतकं स्वच्छ दिसलं की मी उठून उभी राहिले. सगळा वॉर्ड ऐकत होता. मी म्हटलं, "चोळलं. मी चोळलं. सोळा दिवस, सकाळ-संध्याकाळ. दुखणं ईस्टरच्या सोमवारी सुरू झालं. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे. पाचव्या दिवशी थांबलं, सातव्या दिवशी ताप आला."

पलीकडची म्हातारी म्हणाली, "अगं बाई!"

डॉक्टर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त पेन खिशात ठेवलं, पोआसाच्या पोटावर उजवीकडे हळूच दाबलं आणि झटकन सोडलं. पोआसा किंचाळला. मग डॉक्टर उठला आणि नर्सला म्हणाला, "पुढची बोट किती वाजता आहे?"

बोटीवर रुग्णवाहिकेतच बसून आलो. समुद्र शांत होता. इथे आल्या आल्या पोटाची सोनोग्राफी केली, मग त्या मोठ्या गोल यंत्रात घातलं. डॉक्टर फालानिको आमच्याबरोबर आला होता, त्याची पाळी संपली होती तरी. त्यानं मला बाकावर बसवून सांगितलं. अपेंडिक्स सुजलं होतं, पाचव्या दिवशी फुटलं. म्हणून दुखणं थांबलं. आत पू झाला. तिथले जंतू आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या नसेत शिरले, ती नस आतून सुजली आणि तिच्यात रक्ताची गुठळी झाली. गुठळीत जंतू वाढताहेत आणि तिथून यकृतात सांडताहेत. रोजची हुडहुडी ती. डोळे पिवळे त्यानंच.

मी विचारलं, "चोळल्यानं फुटलं?"

तो म्हणाला, "सांगता येत नाही. न चोळताही फुटतं. पण तिसऱ्या दिवशी आणलं असतंत तर पाऊण तासाचं ऑपरेशन होतं."

मी विचारलं, "आणि आता?"

तो म्हणाला, "आता बघू."

आपल्याकडे 'बघू' म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

तुला खोटं लिहिलं याची लाज वाटते. फोनवरून तू बरोबर तेच तीन प्रश्न विचारले होतेस.

सेउला

आपिआ
१९ जून २०११

तिलेसा,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्यात तू मला जे जे म्हटलंस ते विलिआमुला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "एवढं तर मीही तुला कधी बोललो नाही, आणि मी तीस वर्षं संधी शोधतोय." मग तो बाहेर जाऊन आंब्याखाली बराच वेळ बसला. त्याचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं, पण त्याचं गप्प बसणं घ्यावं लागतं.

तुला तपशील हवेत ना, घे. ऑपरेशन झालं. पू काढला, उजवीकडे नळी ठेवली होती, ती आता काढली. शिरेतून जंतूंचं औषध सुरू आहे, दिवसातून तीनदा, ते एकूण सहा आठवडे द्यायचं. रक्त पातळ करायचं इंजेक्शन पोटाच्या कातडीत देतात. पहिले नऊ दिवस हुडहुडी थांबली नाही. चौथ्या दिवशी रक्तदाब इतका पडला की मला बाहेर काढलं आणि पाद्री बोलवायचा का विचारलं. मी म्हटलं, बोलवा. पाद्री आला, त्यानं प्रार्थना म्हटली, मी एकही शब्द ऐकला नाही. मी दाराच्या काचेतून पोआसाचे पाय मोजत होते. दोनच असतात, तरी मोजत होते.

दहाव्या दिवशी दुपारचे दोन वाजले आणि काही झालं नाही. तीन वाजले. पोआसा म्हणाला, "आई, आज रेल्वे आली नाही." रेल्वे त्यानं कधी बघितलेलीसुद्धा नाही, कुठल्या तरी सिनेमात पाहिली असेल. मी न्हाणीघरात जाऊन तोंडावर टॉवेल दाबून रडले. हे लिहायला नको होतं, लिहिलं.

आता तो खातो. मऊ भात, सूप, पपई. वजन चौदा किलोनं उतरलंय, बरगड्या मोजता येतात. नर्सेसची चेष्टा करतो, म्हणजे बरा होतोय. एका नर्सला म्हणाला, "मला दोन आया आहेत, तुम्हाला कुठली सासू हवी?" ती म्हणाली, "जी लांब राहते ती."

मी खाटेखाली चटई टाकून झोपते, सगळ्याच बायका झोपतात. माझं काम काय ते इथेही कसं कोण जाणे फुटलंच. झाडूवाली येऊन हळूच म्हणते, "मावशी, माझी मान बघता का?" शेजारच्या खोलीतल्या बाईनं तर लेकराला सरळ माझ्या मांडीवर आणून ठेवलं, पोट दुखतंय म्हणून. मी हात पाठीमागे घेतले आणि तिला नर्सकडे पाठवलं. ती रागावली, म्हणाली, "स्वतःच्या घरच्यांचंच करता वाटतं?" मी म्हटलं, "हो ना, स्वतःच्या घरच्यांचंच करते, बघा ना हा समोर पडलाय." तिला काही कळलं नाही.

डॉक्टर फालानिको दर शुक्रवारी बोटीनं आला की डोकावून जातो. एकदा त्याला विचारलं, तुझ्या घरी कुणी फोफो करत नाही का? तो हसला. म्हणाला, "माझी आजी करते. माझा मुरगळलेला घोटा तिनंच नीट केला. मी काही फोफोच्या विरुद्ध नाही हो. फक्त मला सांगत जा. मला कळलं की मी काहीतरी करू शकतो. लपवलं की मी आंधळा." असं शांतपणे बोलतो, की आपण खुर्चीत लहान लहान होत जातो.

परवा तू वॉर्डच्या फोनवर पोआसाशी बोललीस. पंधरा मिनिटं तरी झाली असतील. मी शेजारीच होते. तू मला द्यायला सांगशील असं वाटलं, म्हणून हात पुसून बसले होते. त्यानं फोन ठेवला आणि म्हणाला, "ती म्हणते काळजी घे." मी विचारलं, "कुणाला?" तो म्हणाला, "तसं काही सांगितलं नाही." पोरगा खोटं बोलायचा बंद झालाय, एवढं एक बरं झालं.

सेउला

आपिआ
१७ जुलै २०११

तिलेसा,

हे पत्र पोआसाच्याच पिशवीत आहे. म्हणजे तू हे वाचत असशील तेव्हा तो तुझ्या घरात असेल आणि बहुतेक तुझा फ्रीज उघडून उभा असेल.

डॉक्टर लोकांनी जे सांगितलं ते तुला त्यांच्या कागदात मिळेल. जंतू गेले. पण नसेतली गुठळी सगळी विरघळलेली नाही, तिच्या बाजूनं नव्या बारीक नसा फुटताहेत, आणि त्या पुढे जठराकडे फुगतात का ते वर्षभर बघावं लागेल. ते बघणारी माणसं इथे नाहीत, तिकडे आहेत. त्यांनी विचारलं, तिकडे कुणी आहे का? पोआसा माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "त्याची आई आहे."

आता कामाचं. रक्त पातळ करायची गोळी संध्याकाळी सहाला. विसरला तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत. दर आठवड्याला रक्त तपासायचं. अळूची पानं एक दिवस ढीगभर आणि मग चार दिवस नाही, असं करू नकोस, त्यानं गोळीचं गणित बिघडतं. थोडी थोडी, रोज सारखी दे, नाहीतर देऊच नकोस. नारळाच्या दुधात शिजवलेल्या त्या पानांच्या पालुसामीसाठी तो तुझ्या मागे लागेल, मला माहीत आहे. रग्बी वर्षभर बंद. खेळणार नाही म्हणून शपथ घेतलीय, पण चेंडू त्याच्या पिशवीच्या तळाशी आहे. काढून घे. दाढी करताना कापलं तर रक्त लवकर थांबत नाही, घाबरू नकोस, दाबून धर. आणि तिकडे कुणी म्हातारी तेलाची वाटी घेऊन आली तर तिला दारातूनच परत पाठव. आपल्या नात्यातली असली तरी.

तो झोपेत पांघरूण लाथाडतो. अंडं त्याला अर्धं कच्चं आवडतं. रविवारी चर्चला जायला कुरकुर करेल, ढकलून ने. तुझ्याशी सुरुवातीला फार बोलणार नाही. तुझ्यावर रागावून नाही, त्याला कळत नाही कुठून सुरू करावं. त्याला काहीतरी काम सांग. भांडी घासायला लाव. हात कामात असले की तोंड सुटतं त्याचं.

एवढं लिहून थांबायचं होतं. विलिआमु म्हणाला, "आता बस झालं, उरलेलं देवाला ठाऊक आहे." देवाला ठाऊक असून पोआसाला काय उपयोग? म्हणून पुढचं लिहितेय.

नवव्या दिवशी सकाळी मी त्याच्या पोटावर हात ठेवला आणि उजवीकडे खाली पोट फळीसारखं लागलं. मी बोटं फिरवली, ते मऊ होईना. आजीनं मला हात कसा लावायचा ते शिकवण्याआधी हात कधी काढायचा ते शिकवलं होतं. पोट कडक झालं आणि ताप आला की ते आपलं काम नव्हे, तेल पुसायचं आणि माणसाला इस्पितळात पाठवायचं. असे चारजण मी आजवर पाठवलेत. पाद्रीबुवांच्या मेहुण्याला तर मी मध्यरात्री ट्रक बोलावून पाठवलं होतं, आणि तो अजून जिवंत आहे, मला रस्त्यात भेटला की टोपी काढतो. तेव्हा मला समजलं नाही असं काही नाही. मला नवव्या दिवशी समजलं होतं. डॉक्टरला मी सोळा दिवस सांगितले, हे नाही सांगितलं.

धक्क्यावर तू शेवटी काय म्हणालीस ते तुला आठवतं का माहीत नाही. बोटीच्या फळीवर उभी राहून म्हणालीस, "ठेव त्याला. पण त्याच्यासाठी एकदा जरी मला इस्पितळातून निरोप आला ना, तर मी येईन आणि नेईन. मग तो कितीही रडू दे." अकरा वर्षं मी त्याला इस्पितळाची पायरी चढू दिली नाही. हात मोडला तेव्हा मीच बांधला, थोडा वाकडा बसलाय, बघशील. दात पडला तेव्हा, कान फुटला तेव्हा, सगळं घरी. चोराच्या मनात चांदणं. आणि नवव्या दिवशी ते कडक पोट हाताखाली असताना माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर तो मरेल हे नाही. तिथे कागदावर आईचं नाव विचारतील, हे आलं.

त्यानंतर सात दिवस मी त्याला चोळत राहिले. कडक जागा सोडून बाजूबाजूनं, हलक्या हातानं, म्हणजे काहीतरी चाललंय असं त्याला वाटावं. तो विचारायचा, "आई, बसली का गं?" मी म्हणायचे, "बसतेय." सातही दिवस हेच म्हणाले. विलिआमु रोज विचारायचा, नेऊ या का, आणि मी म्हणायचे, उद्या. शेवटी सोळाव्या दिवशी त्यानं मला न विचारता त्याला खांद्यावर घेतलं आणि तो बसथांब्यावर गेला. तेव्हासुद्धा मी मागून ओरडत गेले. मी त्याला इस्पितळात नेलं असं मी पहिल्या पत्रात लिहिलंय. मी नेलं नाही.

तू माझ्या हातातून त्याला नेशील या भीतीनं मी त्याला मरू देत होते, तिलेसा. मी हे रोज वेगळ्या शब्दांत सांगून बघते, दुसरं काही निघत नाही.

इस्पितळातून निघताना त्यानं डॉक्टर फालानिकोला मिठी मारली आणि म्हणाला, "डॉक्टर, माझ्या आईनं खरं सांगितलं म्हणून मी वाचलो." डॉक्टर माझ्याकडे बघून हसला. मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं आणि त्याला म्हटलं, पिशवीची चेन नीट लाव.

पाकीट मी चिकटवलेलं नाही. तो दुसऱ्याची पत्रं वाचत नाही, तेवढं वळण आहे त्याला. म्हणून त्याला हे कळायचं असेल तर तुझ्याकडूनच कळेल. सांगायचं की नाही ते तू ठरव, मी नंतर नाकारणार नाही. मीच सांगून बघायचं ठरवलं होतं, तीनदा त्याच्या खाटेपाशी बसले, तिन्ही वेळा त्यानं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि मी उठले.

येत्या रविवारी चर्च सुटल्यावर मी गावात पाद्रीबुवांच्या फोनजवळ बसून राहीन. त्याला फोन लावून दे असं मी म्हणत नाही. अंधार पडेपर्यंत वाजला नाही, तर तू त्याला सांगितलंस असं मी समजेन.

सेउला